तासाभरात पोहोचू शकेल अशी व्यक्ती

“अध्यक्षपदासाठी नावं?” कीथनं विचारलं, आणि हॉलमधल्या चाळीस-पंचेचाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तयारीतच होते. पदर सारखा केला, चष्मा काढून हातात घेतला आणि दरवर्षी म्हणते तेच म्हटलं, “नऊ वर्षं झाली. फार झालं. आता मी थकले. दुसऱ्या कोणीतरी ही जबाबदारी घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.”

आणि खाली न बसता उभीच राहिले. थोडं थांबायचं असतं, म्हणून.

मागच्या टेबलावर चहाच्या पाण्याचा बंब खदखदायला लागला होता. कोणाचं तरी बाळ बाकाखाली पडलेल्या खुळखुळ्यासाठी कुरकुरत होतं. कीथ आमचा सेक्रेटरी, शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक, कमालीचा सरळमार्गी माणूस. त्यानं माझं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि मान वर केली. त्याचे डोळे चक्क पाणावले होते.

“हेमा,” तो म्हणाला, “ऐकून वाईट वाटतंय. पण तुझ्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.”

कसला निर्णय? मी काही निर्णय घेतलाय, हे मला त्याच्याकडूनच कळत होतं. मी तोंड उघडेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढची रांग, मग मागची, मग सगळेच उभे राहिले. मीही हसले. आपल्यासाठी टाळ्या वाजत असताना माणूस दुसरं करणार तरी काय?

याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. ऑस्ट्रेलियातल्या वूलाब्री नावाच्या गावात राहत होते; मेलबर्नपासून गाडीनं साडेतीन तास, सगळीकडे संत्र्याच्या बागा आणि मधोमध एक रेल्वेलाइन. आमचे हे तिथं पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. ते गेले, मुलगा कौस्तुभ व्हँकुव्हरला गेला, आणि त्या गावातली एकमेव मराठी बाई म्हणून मी उरले. गावात मंडळ मात्र होतं. त्याचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, विभागीय आणि बहुसांस्कृतिक वगैरे. मी मनात त्याला मंडळच म्हणायचे. अफगाणिस्तानातून आलेली हजारा कुटुंबं, बर्मातली माणसं, फिलिपिनो नर्सेस, जुने इटालियन बागायतदार, अशी सगळी तिथं यायची. कोणाला दवाखान्यात दुभाषा हवा, कोणाच्या मुलाला शाळेत घालायचंय, कोणाला बाप गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला हॉल हवाय, सगळ्यांचे फोन मंडळाच्या मोबाइलवर यायचे आणि तो मोबाइल नऊ वर्षं माझ्या पर्समध्ये होता. हे गेल्यावर घरात कुणाचा आवाज होता तर त्या फोनचा.

आता ते वाक्य. ते मी कुठून उचललं, हे सांगायला हवं. कराडच्या महिला मंडळात माझी आई अकरा वर्षं चिटणीस होती आणि अकराही वर्षं तिनं राजीनामा दिला. वार्षिक सभेत हळदीकुंकू, अहवाल आणि आईचा राजीनामा हे ठरलेले कार्यक्रम असत. “आता मला नका बाई अडकवू,” आई म्हणायची. लगेच पाच-सहा जणी उभ्या राहायच्या. “अहो वहिनी, असं कसं? तुमच्याशिवाय मंडळ म्हणजे काय!” आई आणखी आढेवेढे घ्यायची, त्या आणखी गळ घालायच्या, आणि तिसऱ्या खेपेला आई सुस्कारा सोडून म्हणायची, “तुम्ही म्हणताच आहात, तर बघते एक वर्ष.” पानात जिलबी वाढताना “पुरे, पुरे” म्हणणाऱ्याला जसं आपण आणखी दोन वाढतो, तसंच ते. त्याच्या “पुरे”चा आदर करून पुढे जाणाऱ्या वाढप्याला आमच्याकडे कोणी पुन्हा पंगतीत उभं केलं नसतं.

वूलाब्रीत आठ वर्षं माझं हे छान चाललं होतं, कारण तिथं कार्मेला होती. कार्मेला म्हणजे टोमॅटोवाल्या इटालियन बागायतदाराची विधवा, आवाज असा की पलीकडच्या बागेतली पाखरं उडावीत. हे गेल्यावर तिनंच मला ओढून मंडळात नेलं होतं. मी थकले म्हटलं की ती टेबलावर मूठ आपटायची. “मूर्खपणा पुरे! बस खाली, हेमा!” लगेच सगळे हसायचे, कीथ माझं नाव लिहायचा, मी सुस्कारा सोडायचे. त्या वर्षी जूनमध्ये कार्मेला गेली. तिच्या अंत्यविधीला मी मंडळातर्फे भाषण केलं, फुलं नेली, सगळं यथासांग केलं. आणि नोव्हेंबरच्या सभेत, तिची खुर्ची रिकामी आहे हे समोर दिसत असताना, तेच वाक्य बोलून मोकळी झाले.

“मग कोणाचं नाव सुचवायचं?” टाळ्या थांबल्यावर कीथनं विचारलं.

मारिव्हिकचं नाव आलं. मारिव्हिक फिलिपिनो नर्स, चाळिशीची, तुरुतुरु चालणारी. मला वाटलं, निदान ती तरी म्हणेल की हेमा असताना मी कशी? तर ती ताडकन उभी राहिली. “हो, मी करीन,” म्हणाली. “मला आवडेल.” एकदासुद्धा नको म्हणाली नाही! माझ्या कराडी कानांना ते निर्लज्जपणाचं वाटलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी हॉलभर नजर फिरवली. कोणीतरी एकदा म्हणेल, अजून वेळ गेली नाही, असं वाटत होतं. सगळे प्रेमानं माझ्याकडे बघत होते. फक्त तिसऱ्या रांगेतला हुसैनी, आमची व्हॅन चालवणारा, मान खाली घालून जमिनीकडे बघत बसला होता. तेवढ्यात कीथ म्हणाला, “विरोध नाही? मंजूर,” आणि मी अध्यक्ष राहिले नाही.

पुढच्या शनिवारी निरोपाचा चहा झाला. मी किल्ल्या दिल्या, कपाटातल्या फायली कुठल्या कुठे आहेत ते दाखवलं, आणि मोबाइल मारिव्हिकच्या हातात ठेवला. ठेवताना तो वाजला. माझा हात सवयीनं पुढे गेला. मारिव्हिकनं हसून फोन कानाला लावला आणि बोलत बोलत दाराकडे गेली.

मंडळानं मला भेट दिली. मोठं कार्ड, त्यावर सगळ्यांच्या सह्या, आत एका गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणचं कूपन. मालिश, स्नान, दुपारचं जेवण.

“तू थकलीस ना,” मारिव्हिक म्हणाली. “आता मस्त आराम कर.”

कूपन दोघांसाठी होतं. दोघांसाठीचंच मिळतं, त्यात तिची काही चूक नव्हती. घरी आल्यावर मी ते भांड्यांच्या कपाटावर टाकलं.

पहिला आठवडा मी स्वतःची समजूत घालण्यात घालवला. बाईसाहेबांना चार दिवसांत नाकी नऊ येतील, मग फोन करतील, मग बघू, असं मनात म्हणायचे. कौस्तुभचा रविवारी फोन आला.

“आई, बरं झालं सोडलंस ते. किती धावपळ करायचीस. आता इकडे ये सहा महिने.”

“बघू,” मी म्हटलं.

“बघू काय? तिकडे आता आहे काय तुझं?”

त्यानं ते मायेनंच विचारलं होतं. मी कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता. एकटीसाठी कुकर लावणं मी केव्हाच सोडलं होतं.

दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. कोणाचाच फोन नाही. नऊ वर्षांत ज्यांनी मला सकाळी साडेसहाला उठवलं होतं, जेवणावरून उठवलं होतं, आंघोळीतून बाहेर यायला लावलं होतं, त्यांच्यापैकी एकालाही माझ्या घरचा नंबर लागला नाही. मग माझ्या लक्षात आलं की घरचा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. मी तो कधी दिलाच नव्हता. सगळ्यांना मंडळाचा नंबर होता आणि मंडळाचा फोन होता मारिव्हिककडे.

मीही आपणहून गेले नाही. का जायचं? मानानं बोलावलं तर जाऊ. नाताळच्या आधी मंडळाचं बागेत जेवण असतं, त्या दिवशी भाजी आणायचं निमित्त करून मी तीनदा बागेवरून गाडी नेली. गाड्या मी लावून घ्यायचे तशा न लावता उलट्या बाजूला लावल्या होत्या, आणि तरी कोणाची अडचण होत नव्हती. याचा मला इतका राग आला की भाजी न घेताच परतले.

जानेवारीत उन्हाळ्यानं कहर केला. पारा बेचाळीसवर, पडदे लावून घरात बसायचं. एका गुरुवारी मी औषधं आणायला फार्मसीत गेले. काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली. मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खाकरले, पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कुठे घोगरा आवाज आला. मुलगी म्हणाली, “घसा धरलाय का?” मी मान हलवली. घसाबिसा काही धरला नव्हता. कौस्तुभच्या रविवारच्या फोननंतर मी कोणाशी बोललेच नव्हते. गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हे गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा लोक होते ना भोवती.

फेब्रुवारीत मंगळवारचे इंग्रजी बोलण्याचे वर्ग पुन्हा सुरू झाले. ते वर्ग मीच सुरू केले होते. त्या मंगळवारी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसले, पुन्हा सोडली, पॅन्ट-कुडता घातला, आणि मान-बिन गुंडाळून ठेवून हॉलवर गेले.

मारिव्हिक धावतच आली. मला घट्ट मिठी मारली. “हेमा! अगं, किती दिवसांनी! मी सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती, हेमाला कोणी त्रास द्यायचा नाही, नऊ वर्षं राबलीय ती, तिला आराम करू द्या. झाला ना आराम?”

तीन महिन्यांच्या शांततेचं मूळ हे होतं तर. प्रेमानं, कडक शिस्तीत त्यांनी मला एकटं ठेवलं होतं.

“झाला,” मी म्हटलं. “आता काहीतरी काम दे. वर्गात मदत करते.”

“अगदी! फक्त एक,” ती ओशाळली. “फॉर्म भरावा लागेल. अध्यक्षांना लागत नव्हता, पण स्वयंसेवकांना… नियम तुझाच आहे.”

नियम माझाच होता. दोन पानी फॉर्म मीच तयार केला होता. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून भरायला घेतला. नाव, पत्ता, येणाऱ्या भाषा. चौथ्या प्रश्नाशी पेन थांबलं. ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावं? नाव, नंबर, नातं. (तासाभरात पोहोचू शकेल अशी व्यक्ती असावी.)’

तो कंसही माझाच. पहिल्या वर्षी पताका लावताना यान नावाचा आमचा डच स्वयंसेवक शिडीवरून पडला होता, आणि त्याच्या कागदावर नंबर निघाला रॉटरडॅमच्या भावाचा. भाऊ तिकडून नुसता “अरे देवा, अरे देवा” करत राहिला. तेव्हापासून हा रकाना रिकामा असला तर मी फॉर्म घेत नसे. “इथलं माणूस हवं,” असं सांगून मी लोकांना परत पाठवत असे. नव्यानं आलेल्यांना इथलं माणूस कुठून असणार? मग मीच म्हणायचे, “बरं, माझं नाव घाला.” असे छत्तीस फॉर्म त्या कपाटात होते. नाव हेमलता पोतनीस, नंबर मंडळाचा, आणि नात्याच्या जागी मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असायचं, ‘अध्यक्ष.’

मी आठवून बघितलं. कार्मेला असती तर प्रश्नच नव्हता. कीथ? त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. शेजारी? शेजारचं घर गेल्या वर्षी विकलं गेलं, नव्या लोकांचं नाव मला माहीत नव्हतं. मारिव्हिकला विचारलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती, पण विचारायला जीभच उचलेना. मी आयुष्यात कोणाला ‘तुमचं नाव घालू का’ असं विचारलंच नव्हतं. पेनाला टोपण लावलं आणि पर्स उचलली. काहीतरी कारण सांगून निघावं, घरी जावं, एवढंच मनात होतं.

तेवढ्यात हुसैनी चहाचे दोन कप घेऊन आला आणि समोर बसला. हुसैनी पन्नाशीचा, फळांच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम. इथं येण्याआधी त्याचं हजारा कुटुंब पंधरा वर्षं पाकिस्तानात, क्वेट्ट्याला होतं, त्यामुळे तो तिथल्या उर्दूत बोलायचा आणि मी कराडच्या हिंदीत. दोघांचंही व्याकरण रामभरोसे, पण बोलणं अडत नसे. मला तो ‘बाजी’ म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण.

“बाजी, रागावलात,” तो म्हणाला.

“मी कशाला रागावू?”

“त्या दिवशी तुम्ही थकले म्हणालात. तुम्ही थकला नव्हतात.”

मी कप खाली ठेवला.

“आमच्याकडे पाहुण्याला जेवायला वाढलं की तो नको म्हणतो,” हुसैनी कपाकडे बघत म्हणाला. “तीनदा नको म्हणतो. आपण तीनदा म्हणायचं, घ्या. मग तो जेवतो. हे बाकीच्यांना माहीत नाही. कीथला माहीत नाही, मारिव्हिकला माहीत नाही. मला माहीत होतं, बाजी. तुम्ही उभ्या राहून कशाची वाट बघत होतात, ते मला कळत होतं.”

हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचा आवाज चालला होता.

“मग म्हणाला का नाहीत?” मी विचारलं. “एकदा! एकदा म्हणाला असतात तरी पुरलं असतं!”

“म्हणूनच नाही म्हणालो. म्हटलं असतं तर तुम्ही राहिला असतात.”

“राहिले असते तर तुमचं काय बिघडत होतं?”

“मासूमानं तुम्हाला पाच वेळा जेवायला बोलावलं,” तो म्हणाला. मासूमा त्याची बायको. “ईदला, मुलीच्या निकालाला, असंच. पाचही वेळा तुमची मीटिंग होती. पाचही वेळा तुम्ही आमच्याकडे मिठाईचा डबा पाठवलात. तिनं व्हॅनची यादी लिहिते म्हटलं. इंग्रजी शिकली ना तुमच्याच वर्गात. तुम्ही म्हणालात, तुला कशाला त्रास, मी करते. दोनदा. ती मला म्हणायची, ही बाई आपल्याला सगळं देते, पण आपल्याकडचं काही घेत नाही. मी म्हणायचो, बाजी अध्यक्ष आहेत, त्यांना वेळ नसतो. म्हणून त्या दिवशी मला वाटलं, नसू देत अध्यक्ष.”

मी काय उत्तर दिलं असेल असं वाटतं? गहिवरून वगैरे मुळीच आलं नाही. माझा संताप झाला.

“मला जेवण नको होतं, हुसैनीभाई! मला माझी खुर्ची हवी होती! तीन महिने मी भिंतींशी बोलतेय. फार्मसीत गेले तर तोंडातून शब्द निघेना. तुम्हाला काय अधिकार होता हे ठरवायचा?”

“काहीच नाही,” तो म्हणाला.

“आणि खुर्ची काढून घेतलीत ती घेतलीत, नंतर एकदा तरी डोकावायचं होतं. तेव्हा कुठे गेलं तुमचं जेवण?”

“मारिव्हिक म्हणाली, आराम करू द्या.” त्यानं मान आणखी खाली घातली. “आणि भीती वाटली. मी गुन्हा केला होता ना. कोणत्या तोंडानं येणार?”

मला बोलायला खूप होतं. पण तो उठूनही जाईना, आणि स्वतःची बाजूही मांडेना. समोर नुसता बसून राहिला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी फॉर्मची घडी घालायला लागले.

तेवढ्यात मासूमा आली. ठेंगणी, हिरव्या रुमालातली, हातात वहीचा कागद. व्हॅनची यादी होती ती. कोणाला कुठून घ्यायचं, किती वाजता. आता तीच लिहायची, मारिव्हिकनं पहिल्याच आठवड्यात ते काम देऊन टाकलं होतं तिला. यादी नवऱ्याला देऊन तिनं मला सलाम केला, हसली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू गेलं. मग तिची नजर फॉर्मवर गेली. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, घडी उलगडली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. चौथ्या प्रश्नावर बोट थांबलं.

“बाजी, ये ख़ाली क्यों है?”

मी हुसैनीकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

“मेरा यहाँ कोई नहीं है,” मी म्हटलं.

हे वाक्य मी कोणत्याही भाषेत तोपर्यंत मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. कौस्तुभला नाही, कार्मेलाला नाही, स्वतःलासुद्धा नाही. बोलून झाल्यावर मला इतकी लाज वाटली की मी चहाचा कप उगाच गोल फिरवत राहिले.

मासूमानं खुर्ची ओढली. टेबलावरचं माझं पेन उचललं आणि लिहायला वाकली. आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग नंबर, एकेक आकडा पुटपुटत. मग नात्याच्या रकान्याशी ती अडली.

“इथे काय लिहायचं?” तिनं विचारलं.

हुसैनी काहीतरी सुचवायला गेला, तिनं हात दाखवून त्याला गप्प केलं. वरचा प्रश्न पुन्हा वाचला, कंसातल्या ओळीवरून बोट फिरवलं. विचार केला. मग मोठ्या, गोल अक्षरात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

नात्याच्या जागी तिनं लिहिलं होतं, ‘सात मिनिटं.’

मी तिच्याकडे पाहिलं. ती रेल्वेलाइनच्या पलीकडे कुठेतरी राहते, एवढंच मला ठाऊक होतं.

“गाडीनं?” मी विचारलं.

“नाही, चालत,” मासूमा म्हणाली. “माझ्या दारापासून तुमच्या फाटकापर्यंत. ह्यांना माहीत नाही. मी चार वेळा येऊन, उभी राहून परत गेले. वाटलं, तुम्ही आराम करताय.”

चारही वेळा मी घरातच होते.